कायद्याच्या इमारतीतली फुलं

माईंनी एखादी गोष्ट मनावर घेतली की ती आधी भांड्यांना कळायची, मग माणसांना. त्या शनिवारी सकाळीच स्वयंपाकघरात झाकणं आदळायला लागली, कपाटाचं दार उगाचच उघडलं आणि मिटलं. सूनबाई चहा घेऊन बाहेर आली तेव्हा माई बाहेर जायच्या कपड्यांत, पिशवी मांडीवर घेऊन, खुर्चीच्या अगदी कडेला बसलेल्या होत्या.

"आज मी त्याचं फूल बघायला जाणार," त्या म्हणाल्या. "तू येणार असशील तर ये. नसशील तर कुठली बस धरायची तेवढं सांग. तोंड आहे मला, विचारत विचारत जाईन."

"येते," सूनबाई म्हणाली.

माईंनी भांडणाची पूर्ण तयारी केली होती, ती फुकट गेली. अलीकडे सूनबाईशी भांडायची सोयच राहिली नव्हती. ती कशालाही हो म्हणायची. खिडकी लाव, हो. खिडकी उघड, हो. भाजी अळणी झालीय, हो. माणसाने चिडायचं तरी कुणावर! माईंनी गरम चहा एका दमात घशाखाली ओतला आणि जीभ पोळल्याचा दोषही मनातल्या मनात सुनेलाच दिला.

त्याचं फूल म्हणजे माईंच्या मुलाचं फूल. मुलगा प्लास्टरची नक्षी करणारा कारागीर होता. जुन्या इमारतींच्या छतांवरची वेलबुट्टी, कमानींवरचे गुच्छ, खांबांची डोकी, काय तुटलं-फुटलं असेल ते जसंच्या तसं करून बसवायचं, हा त्याचा धंदा. सूनबाईही त्याच कारखान्यात, त्याच बाकावर, त्याच्या शेजारी बसून तेच काम करायची. लग्नाच्या आधीपासून. विद्यापीठाच्या कायदा विभागाच्या जुन्या इमारतीतलं मोठं दालन हे त्याचं शेवटचं काम. ते चाललं होतं तेव्हा माईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, समोरचा माणूस ओळखायचा तो आवाजावरून. "आधी डोळे होऊ देत," तो म्हणायचा, "मग तुला नेतो आणि दाखवतो." डोळे झाले. चष्मा आला. आणि एका दुपारी जेवून तो खुर्चीत टेकला, सूनबाईने चहाला हाक मारली, तर उठलाच नाही. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

माई रडल्या, ओरडल्या, देवाला आणि डॉक्टरला एका दमात शिव्या घातल्या, आणि पुढे कधीतरी थोडंथोडं जेवायला लागल्या. सूनबाईने मात्र एक टिपूस गाळलं नाही. तो गेल्याच्या आठवड्यातच तिने घरातले सगळे पडदे धुऊन, इस्त्री करून परत लावले होते. ते पडदे माईंच्या डोळ्यांत अजून सलत होते. "लाकूड आहे नुसतं," त्या शेजारणीला सांगायच्या, आणि भिंती पातळ असल्यामुळे ते आत ऐकूही जायचं.

ऐकू गेलं तरी सूनबाईला काही लागायचं नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतो, मग गाल आपलाच असून आपला वाटत नाही, चावला गेला तरी कळत नाही, तसं तिचं सगळं अंगच झालं होतं. ती कामावर जायची, साचे ओतायची, घरी येऊन कुकर लावायची. तिला काही वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

बसमध्ये माई खिडकीशी बसल्या आणि दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत गेल्या. डोळे झाल्यापासून हा त्यांचा नवा छंद होता. कुठल्या पाटीवरचा रंग उडालाय, कुठल्या दुकानाची काच पुसलेली नाही, सगळ्याची दखल घेतली जात होती. सूनबाई मांडीवरच्या स्वतःच्या हातांकडे बघत होती. तिला एकच गोष्ट ठाऊक होती, आणि ती तिने कोणालाच सांगितली नव्हती. त्या दालनात माईंना दाखवण्यासारखं त्यांच्या मुलाचं एकही फूल नव्हतं.

इमारत रस्त्यापासून आत, लिंबाच्या झाडांच्या मागे होती. दगडी, उंच, आणि जरा मिजासखोरच. दर्शनी कमानीवर एक दगडी बाई हातात तराजू घेऊन उभी होती आणि तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधलेली होती.

माई कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिल्या. "हिचाही मोतीबिंदू काढलेला दिसतोय."

"ती न्यायाची मूर्ती आहे, माई."

"असेल. पण त्या पट्टीखाली औषध वेळेवर घालतंय का कोणी, ते विचार."

दारात इमारतीचे व्यवस्थापक भेटले. गोल, घाम आलेला, भला माणूस. कमरेला चाव्यांचा एवढा मोठा जुडगा की चालताना त्यांची पँट एका बाजूला खाली उतरायची आणि ते सवयीने ती वर ओढायचे. माईंनी लगेच त्यांचं चाव्यावाले असं बारसं केलं. शनिवारी बाहेरच्यांना इमारत दाखवायचं काम त्यांच्याकडे असे. त्यांनी सूनबाईला चटकन ओळखलं. काम चाललं होतं तेव्हा मागच्या अंगणातल्या शेडमध्ये तिला रोज पाहिलेलं.

"तुमच्या यजमानांचं कळलं," ते हळू आवाजात म्हणाले. "फार वाईट झालं."

"हो," सूनबाई म्हणाली.

"या त्यांच्या आई का?"

"मी त्याची आई," माईंनी परस्पर उत्तर दिलं. "मी माझ्या लेकाचं काम बघायला आलेय. बाकीचं दाखवायचं असेल तर दाखवा, पण भराभर."

पण भराभर दाखवणं चाव्यावाल्यांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी आधी दोघींना खांबांच्या ओळीतून नेलं. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर वेगळीच कोरीव मंडळी बसलेली होती. एकावर दोन माणसं नाकाला नाक लावून वाद घालत होती. दुसऱ्यावर एक म्हातारा बोटांवर मोजत मुद्दे सांगत होता आणि शेजारचा झोपला होता. तिसऱ्यावर एक बाई दोन्ही कानांवर हात ठेवून बसली होती. "साक्षीदार," चाव्यावाले म्हणाले. "शेजारीण," माई म्हणाल्या. जिन्याच्या लोखंडी कठड्यात छोटे छोटे तराजू ओवलेले होते, आणि जमिनीवर रंगीत दगडी तुकड्यांची इतकी बारीक नक्षी होती की माईंनी चपला काढायला घेतल्या. "अहो राहू द्या, सगळे असेच चालतात," चाव्यावाले म्हणाले, तशी माईंनी सगळ्यांच्या बेशिस्तीबद्दल मान हलवली.

"वकिली शिकायला एवढी नक्षी कशाला लागते हो?"

"शिकताना कंटाळा आला तर बघायला," चाव्यावाले म्हणाले. माईंना हे उत्तर पटलं. पहिल्यांदाच त्यांनी त्या माणसाकडे जरा बऱ्या नजरेने पाहिलं.

सूनबाई मागून चालत होती. सगळं तिला दिसत होतं. कुठे दगडाला दगड जोडलाय, कुठे कोणी घाईत रंग मारलाय, कुठल्या चेहऱ्याचं नाक नंतरचं आहे. एकेकाळी असं काही दिसलं की ती त्याच्या बाहीला धरून ओढायची, बघ बघ म्हणायची. आता ती नुसती बघत होती, गरज नसताना भांड्यांच्या दुकानात शिरावं तशी.

मग चाव्यावाल्यांनी मोठ्या दालनाचं दुहेरी दार ढकललं.

दालन लांबच लांब होतं. भिंतींना काळसर लाकूड, उताराने मांडलेली बाकं, आणि वर, खूप वर, पांढरं छत. छतावर चौकटीला लागून चौकट, आणि प्रत्येक चौकटीत एक फूल. जुनी इमारत गळायची, त्यामुळे खिडक्यांच्या बाजूची सगळी फुलं कुजून गेली होती. ती नवी करून बसवलेली. पण कुठे जुनं संपतं आणि कुठे नवं सुरू होतं ते चाव्यावाल्यांनाही सांगता येत नव्हतं, आणि त्यांना त्याचा अभिमानच होता.

"खिडकीकडची सगळी तुमच्या मुलाने बसवलेली," ते म्हणाले. "स्वतः परांचीवर चढून. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत."

माई पहिल्या बाकावर बसल्या आणि त्यांनी मान वर केली. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. ही घटना इतकी दुर्मिळ होती की सूनबाईनेही त्यांच्याकडे वळून पाहिलं. चष्म्याच्या काचांखालून पाणी ओघळून माईंच्या गालांवर आलं होतं.

"यातलं त्याचं सगळ्यात चांगलं कुठलं?" माईंनी विचारलं. "एक दाखव. तू बाजूला बसायचीस. तुला माहीत असेल."

सूनबाईने वर पाहिलं.

त्या फुलांचं असं होतं. साच्यातून बाहेर येतं ते नुसतं ओबडधोबड कच्चं फूल. जुन्या कारागिरांनी प्रत्येक पाकळीखाली कोरणी घालून ती मोकळी केलेली, म्हणून तिच्याखाली सावली पडते आणि खालून फूल फुलासारखं दिसतं. पाकळी मोकळी झाली नाही तर वर बटण चिकटवल्यासारखं वाटतं. हे काम त्याचं. कारखान्यात सगळे त्याच्याचकडे द्यायचे. पण या कामाच्या सुरुवातीलाच त्याच्या हातांना कंप सुटला होता. कप उचलताना नाही, शिडी चढताना नाही, बारीक कोरणी हातात घेतली की नेमका. पाकळ्या जाड राहायला लागल्या, टोकं तुटायला लागली. तुटलेलं टोक तो ओल्या प्लास्टरने चिकटवायचा आणि फूल मांडणीवर वाळत ठेवायचा. काही बोलायचा नाही. तीही बोलली नाही.

दुपारी जेवण झालं की तो शेडच्या मागे सावलीत आडवा व्हायचा. तेवढ्या वेळात ती मांडणीवरचं त्याचं फूल काढायची आणि सकाळपासून बाकाखाली लपवून केलेलं आपलं फूल तिथे ठेवायची. पाकळीच्या टोकाला डावीकडे हलकी मुरड घालायची त्याची सवय होती. तिने ती मुरड हुबेहूब उचलली. त्याचं फूल ती हातोडीने फोडायची आणि राडारोड्याच्या पोत्यात टाकायची. झोपून उठला की तो मांडणीवरचं फूल उचलायचा, वर जायचा, बसवून यायचा. सबंध काम असंच पार पडलं. त्याला यातलं काहीही कळलेलं नाही, अशी तिची पक्की खात्री होती. आपण त्याचा मान राखला, एवढंच तिला माहीत होतं.

आता तिने हात वर करून एका फुलाकडे बोट दाखवलं. कुठल्याही. "ते."

"कुठलं? ते दुसऱ्या ओळीतलं? छे." माईंनी नाक मुरडलं. "त्याच्या शेजारचं बघ. ते. ते त्याचंच. आईला कळतं. बघ कशी पाकळी न् पाकळी सुटी आहे, आत्ता वाऱ्याने हलेल. किती मन लावून केलंय माझ्या लेकाने! तुला जमेल का असं?"

"नाही," सूनबाई म्हणाली.

"नाहीच जमणार. त्याला हात लागतो."

ते फूल सूनबाईने एका पावसाळी सकाळी केलं होतं. प्लास्टर लवकर वाळत नव्हतं म्हणून तोंडाने फुंकर घालत बसली होती. तिने मान डोलावली. या खोट्याचंही तिला काही वाटलं नाही. माई आनंदात होत्या, रडत होत्या, आणि त्यांना घरी न्यायला बस कुठून धरायची याचा ती विचार करत होती.

चाव्यावाले कोपऱ्यातून चाकांचं एक बुटकं टेबल ढकलत घेऊन आले. त्यावर मोठा आरसा आडवा बसवलेला होता. मान न दुखता छत बघता यावं म्हणून ही सोय. माईंनी आधी साफ नाकारली. "मला नको ते उलटंपालटं." पण मान दुखायला लागली होती, आणि कोणी बघत नाही असं बघून त्या आरशावर वाकल्या. चाव्यावाले टेबल हळूहळू दाराच्या दिशेने ढकलत गेले आणि माई आरशात नाक खुपसून सोबत चालत गेल्या. फूल, फूल, फूल, फूल, आणि माई गपकन थांबल्या.

"हे कोणी बसवलं?"

चाव्यावाल्यांनी आरशात पाहिलं आणि कसनुसा चेहरा केला. "तुमच्या नजरेला पण आलं? हो. दारावरच्या चौकटीत जुनं एक सुटून पडलं होतं, तिथे हे नवं लावलंय. आत येणाऱ्याच्या पाठीमागे पडतं म्हणून आमच्या लक्षात यायला वेळ लागला. घाईगर्दीत कोणीतरी शिकाऊ माणसाने उरकलं असणार."

"उरकलं? हे बटण आहे बटण! पाकळ्या बघा, एकमेकींना चिकटल्यात. आणि ते टोक तर तोडून परत डकवलंय." माईंचा आवाज चढला. "माझ्या लेकाच्या एवढ्या कामाला या एकाने बट्टा लावला. काढा हो ते!"

"काढणारच आहोत. सुट्टी लागली की परांची बांधतो." चाव्यावाले सूनबाईकडे वळले. "मी तुमच्या कारखान्यात निरोप पाठवणारच होतो. तुम्हीच द्याल का एक करून? बाकीच्यांसारखं? हे फोडून टाकू."

"हो," सूनबाई म्हणाली. "देते."

तो हो तोंडातून गेला तो रोजच्या सवयीने. खिडकी लाव, हो. फोडून टाकू, हो. मग काय फोडायचं ते बघावं म्हणून ती दाराकडे चालत आली, माईंच्या शेजारी उभी राहिली, आणि आरशात न बघता तिने सरळ मान वर केली.

पाकळ्या जाड होत्या. एक टोक तुटून परत चिकटवलेलं होतं, आणि चिकटवताना बोटाने दाबल्याचा खड्डा खालूनही दिसत होता. आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला डावीकडे मुरड होती. कापरी, अडखळत गेलेली, मध्येच सुटून परत पकडलेली. कुठल्याही शिकाऊ माणसाला ती मुरड माहीत नव्हती. जगात ती दोघांनाच माहीत होती, आणि त्यातल्या एकीने हे फूल केलेलं नव्हतं.

ती वर कधी चढलीच नव्हती. तिचं काम खाली, शेडमध्ये. परांची उतरल्यावरही ती दालनात फिरकली नव्हती. आपलीच फुलं आपणच काय बघायची, असं म्हणून.

कामाच्या त्या दिवसांत ती फक्त एकदा गैरहजर होती. माईंच्या पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन होतं त्या दिवशी; दुसरा काम संपल्यावर झाला. दिवसभर ती दवाखान्यात होती. संध्याकाळी तो घरी आला, आधी माईंच्या पट्टीकडे वाकून पाहिलं, मग हात धुतले. ती भाकरीचं पीठ मळत होती. "आज काय केलं?" तिने विचारलं होतं. "काही नाही," तो म्हणाला होता. "एक फूल बसवलं." तिच्या मनात आलं होतं, आज बदलायला आपण नव्हतो, आज वर काय गेलं असेल? पण कुठलं फूल, कुठे बसवलं, हे तिने विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर बाकीचं सगळं बोलावं लागलं असतं.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. त्या दिवशीचं फूल त्याने खिडकीकडे, तिच्या फुलांच्या ओळीत लावलं नव्हतं; वेगळं काढून दारावर नेलं होतं. रोज दुपारी मांडणीवरून उचललेलं फूल आपलं नाही, हे त्याला पहिल्याच दुपारी ठाऊक झालं असणार. पाकळी बघून कुठला कारागीर ते सांगणारा माणूस तो! तिने मुरड कितीही हुबेहूब घातली तरी त्याच्या डोळ्यांतून ती सुटणार होती का? आणि तिला वाटत राहिलं की आपण त्याला फसवलं. तो रोज तिचं फूल घेऊन वर चढत राहिला, तिचं काम आपलं म्हणून बसवत राहिला, आणि ती नसलेल्या एकुलत्या एका दिवशी त्याने आपल्या हाताचं एक वर नेलं.

"नको," सूनबाई म्हणाली.

"काय नको?" चाव्यावाल्यांनी विचारलं.

"ते काढू नका. मी दुसरं करून देणार नाही." तिचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. "ते त्यांचं आहे."

माई आरशावरून ताठ झाल्या. "कोणाचं?"

"तुमच्या मुलाचं, माई."

"वेड लागलंय तुला? त्याचं ते पलीकडचं. मी दाखवलं ना तुला?"

"ते मी केलंय. पलीकडची सगळी मी केलीत. त्यांचे हात थरथरत होते. कोरणी धरवत नव्हती. मी त्यांची फुलं काढून माझी ठेवायचे, त्यांना कळू न देता."

"आणि त्याची?"

"फोडून टाकली."

"सगळी?"

"हे सोडून सगळी. हे मी नसताना त्यांनी लावलं. तुमचं ऑपरेशन होतं त्या दिवशी."

चाव्यावाले जमिनीवरच्या नक्षीकडे बघायला लागले. माईंचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला. त्यांचा हात उठला, आता त्या सुनेच्या मुस्काटात मारतात की काय असं वाटलं. पण तो हात आरशाच्या टेबलाची कड धरून तिथेच राहिला. सूनबाई हलली नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं असं तिला वाटलं, आणि कित्येक महिन्यांत तिला काहीतरी वाटलं ते हे पहिलंच.

"मला का नाही सांगितलं त्याने?" माई म्हणाल्या. "मला दिसत नव्हतं, पण ऐकू तर येत होतं."

"मलाही नाही सांगितलं."

"तू विचारलंस?"

"नाही."

माईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला आणि मान वर केली. या खेपेला आरसा नाही. त्या फुलाकडे त्यांनी इतका वेळ पाहिलं की चाव्यावाल्यांनी अस्वस्थ होऊन पँट वर ओढली आणि जुडगा वाजला.

"साहेब," माई म्हणाल्या, "ते काढायचं नाही."

"माई, निर्णय माझ्या हातात नाही. वरती समिती आहे. त्यांना सांगून बघतो. पण तुम्हीच आत्ता म्हणालात, की बटण..."

"मी म्हणाले. मी त्याची आई आहे, मी काय वाट्टेल ते म्हणेन. तुम्ही म्हणायचं नाही. समितीनेही म्हणायचं नाही."

"पक्कं बसलंय का ते?" चाव्यावाल्यांनी सूनबाईला विचारलं. "पडायची भीती नसेल तर मला बोलायला तोंड राहील."

"पक्कं आहे," सूनबाई म्हणाली. "बसवण्यात त्यांचा हात कधीच..."

पुढचा शब्द निघेना. तिने पुन्हा प्रयत्न केला, आणि शब्दाऐवजी घशातून एक विचित्र, भसाडा आवाज निघाला. असा आवाज आपल्या आत आहे हे तिला माहीत नव्हतं. ती जवळच्या बाकाला धरायला गेली, हात चुकला, आणि ती खाली जमिनीवरच बसली. तो आवाज थांबेना. तिला सगळं एकदम लागायला लागलं होतं. तो पीठ मळणारे हात बघत उभा राहिला होता, एक फूल बसवलं म्हणाला होता, आणि ती पुढे काही विचारेल म्हणून थोडा वेळ तिथेच थांबला होता. थांबला होता. तिने पीठ मळायचं सोडून वर बघितलंसुद्धा नव्हतं.

चाव्यावाले पाणी आणायला धावणार, तेवढ्यात दारातून पुढच्या गटाची माणसं डोकावायला लागली. ती हसत, बोलत आत शिरली आणि जमिनीवरची बाई बघून चपापली.

"पाणी नको," माई म्हणाल्या. गुडघ्यांची तक्रार करत, बाकाचा आधार घेत त्या सुनेच्या शेजारी खाली बसल्या. तिच्या पाठीवर हात ठेवताना त्यांना जरा अवघडल्यासारखं झालं. असा हात त्यांनी कधी ठेवलाच नव्हता. "त्या लोकांना बाहेर थांबवा. हिला रडायचंय अजून."

चाव्यावाल्यांनी माणसांना मागे सारलं, दार ओढून घेतलं आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले.